अखजीचं पाणी

"वैशाखात वऱ्हाडात? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" सातारा स्टेशनच्या फलाटावर आमच्या ह्यांनी पुन्हा विचारलं आणि पाण्याचा मोठा थर्मास माझ्या हातात कोंबला. मी म्हटलं, "गारव्याच्या धंद्यात माझा आख्खा जन्म गेला. मला कसलं ऊन लागतंय?"

आमचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. हे आतल्या खोलीत कॉम्प्रेसर उघडून बसतात आणि मी काउंटरवर. दूध नासलं, बर्फ धरत नाही, खालून पाणी गळतंय, अशी गावाच्या फ्रीजची सगळी दुखणी आधी माझ्या कानांवर येतात. त्यामुळे थंड कशानं होतं आणि कशानं होत नाही हे मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. तो कुठे उतरला ते पुढे येईलच.

जायचं कारण तसं साधं नव्हतं. माझी लेक वैशाली अमरावतीला असते. जावई गजानन नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात आहे. त्याचं घर अकोटजवळच्या एका खेड्यात. माळ्याचं घर, थोडी काळी जमीन, त्यात मोगरा, झेंडू आणि भाजीपाला. माझ्या विहीणबाई, सुभद्राबाई, गेल्या हिवाळ्यात वारल्या. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिकडच्या अखजीला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा माठ भरतात. व्याह्यांनी, नामदेवरावांनी, स्वतः फोन केला. "इहीनबाई (विहीणबाई), तुमी याच. तिची पयली अखजी हाय." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. नाही म्हणायची माझी काय बिशाद?

गाडीत रात्रभर सुभद्राबाईच आठवत होत्या. आमची दोघींची जुनी भांडणं! लेकीच्या लग्नात मी आंदण म्हणून चांगला दोन दारांचा फ्रीज दिला होता. वर्षभरानं त्यांच्याकडे गेले तर फ्रीज ओसरीत उभा, बटण बंद, आणि आत कुरडया, पापड, सांडगे आणि घडी घातलेली गोधडी! मी कपाळावर हात मारून घेतला. तर बाई म्हणतात, "उंदीर शिरत नाई, मुंगी शिरत नाई. असं कपाट मले माह्या बापानं नाई देलं. तुमी देलं बाप्पा!"

त्यानंतर दर रविवारी फोनवर आमची जुगलबंदी चालायची. मी म्हणायचे, जुन्या काळी आमच्याकडे दूध फडताळात (भिंतीतल्या कपाटात) ठेवायचे. त्या म्हणायच्या, फडताळातलं दूध मांजर खाते, शिंक्यातलं (दोरीच्या टांगत्या जाळीतलं) नाई खात. मी सांगायचे, सरदारांच्या पदरी पाणी गार करणारं वेगळं खातं असायचं, त्याला आबदारखाना म्हणत, तिथे पाण्यात शोरा नावाचा क्षार घालून त्यात सुरया गार करत. त्या म्हणायच्या, "सरदाराच्या बायकोले घडवंची (माठ ठेवायची तिवई) मांडता येत नसन, म्हनून." त्यांच्याकडे प्रत्येक भांड्याला नाव होतं आणि प्रत्येक नावाला जागा होती. माझ्याकडे मॉडेल नंबर होते.

बडनेऱ्याला उतरले तेव्हा सकाळ असूनही वारा गरम होता. अमरावतीत लेकीच्या घरी दोन दिवस काढले. खिडकीखिडकीला कूलर, त्याला वाळ्याच्या ताट्या, आणि गल्लीभर तो ओला, मातकट सुगंध. आमच्याकडे असला वास फक्त अत्तराच्या दुकानात येतो. संध्याकाळी गिलावडा खाल्ला, दह्यात बुडवलेला. पहिल्या घासाला ठसका लागला, पण खोटं कशाला बोलू, नंतर दुसरी प्लेट मागितली.

बाजारात रस्त्याच्या कडेला माठांची रास लागली होती. अखजीच्या तोंडावर सगळं अमरावती माठ घ्यायला लोटलं होतं. एक कुंभारीण माठ वाजवून देत होती. मला राहवलं नाही. मी तिला समजावलं की माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, फ्रीजचंही तत्त्व मुळात तेच.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाव ना माय. पन माठ घ्याचा हाय का तुले?"

"नाही बाई, माझ्या घरी फ्रीज आहेत."

"मंग बाजूले सरक, गिऱ्हाईक उभं हाय."

लेक हसून हसून वाकली. मी मात्र तिथून तरातरा निघाले.

अखजीच्या आदल्या दिवशी एसटीनं अकोटला निघालो. गजानन आधीच मोटरसायकलवर पुढे गेला होता. दर्यापूरच्या पुढे तर बसमध्ये भट्टीच पेटली. दोन्हीकडे उघडी काळी रानं, भेगाळलेली, आणि कुठे कुठे पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळलेल्या काड्यांचे) ढीग. शेजारच्या बाईनं लुगड्याचा पदर भिजवून डोक्यावर घेतला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कानं बांधा, कानं! लू (उन्हाळी गरम वारा) लागन." मी ऐटीत थर्मास उघडला. अकोट यायच्या आतच तो रिकामा झाला होता.

अकोटच्या स्टँडवर वैशालीला पुरणाची डाळ आणि आंबे घ्यायचे होते. ती म्हणाली, "आई, तू रिक्षानं पुढे हो. घर तुला माहीत आहे." मी पुढे झाले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

दाराला कडी घातलेली नव्हती. दार ढकललं तर आत अंधार आणि शांतता. सगळे मळ्यात गेलेले असणार, मोगरा तोडायला. माझ्या घशाला अशी कोरड पडली होती की जीभ टाळूला चिकटत होती. ओसरीच्या कोपऱ्यात सुभद्राबाईंची घडवंची होती. खाली ओल्या वाळूचा ओटा, त्यात सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या मुळांनी खोवलेल्या. माठातून झिरपलेलं पाणी ठिबकत होतं आणि सांबार हिरवागार होता. वर दोन माठ. एक काळा, जुना, तळाशी जेमतेम पाणी. दुसरा लाल, नवाकोरा, घामानं डबडबलेला. त्याच्या गळ्याला सुताचा दोरा बांधला होता. दोरा मी पाहिला. शोभेचा असेल असं वाटलं!

मी झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्याउभ्या घटाघट प्याले. काय पाणी होतं! फ्रीजच्या पाण्यानं दात शिवशिवतात, हे पाणी पोटापर्यंत हळूहळू उतरत गेलं. मी दुसरा पेला प्याले. तिसऱ्यानं तोंड धुतलं, मानेवर मारलं. थर्मासही भरून घेतला. वर मनात म्हटलं, सुभद्राबाई, हरले बाई तुमच्यापुढे.

तेवढ्यात मागच्या दारानं नामदेवराव आले. हातात मोगऱ्याची दुरडी, डोक्याला ओला पंचा. त्यांनी मला पाहिलं, ओल्या पेल्याकडे पाहिलं, उघड्या माठाकडे पाहिलं. दुरडी खाली ठेवली.

"इहीनबाई, तुमी हे पानी पेल्या?"

"हो, फार तहान लागली होती हो."

ते घडवंचीशी गेले आणि माठाच्या गळ्यातला दोरा सोडून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बसा. चहा ठेवतो."

काय चुकलं ते कळेना. वैशाली आली, माठ पाहिला आणि ओरडलीच. "आई! अगं, अखजीचा माठ होता तो! सासूबाईंच्या नावाचा!" तेव्हा मला कळलं. आमच्याकडे त्या दिवशी पाणी भरलेला घट भटजींना दान देतात आणि सुटतात. इथे माठ आधीपासून आणून, रोज पाणी बदलत मुरवतात. अखजीला गेलेल्या माणसाला त्यातलं पाणी दाखवतात. तोपर्यंत घरातल्या जिवंत माणसानं त्याला ओठ लावायचा नाही. लहान पोरंसुद्धा लावत नाहीत. आणि मी त्यानं तोंड धुतलं होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नवा आणा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता आणा."

गजानन मळ्यातून आल्यापावली अकोटला पळाला. बाजार उठत आलेला, चांगले माठ संपलेले. अंधार पडायच्या सुमारास तो एक माठ घेऊन आला. जरा बसकाच होता, पण कोरा होता. आम्ही तो भिजवला, भरला, रिता केला, पुन्हा भरला. नामदेवराव नुसते बघत होते. एकदाच म्हणाले, "नव्या माठाले वेळ लागते, इहीनबाई. माती आधी सोता पेते, मंग आपल्याले पाजते."

अखजीच्या सकाळी उठले ती थेट घडवंचीशी गेले. माठाला हात लावला. कोमट! आभाळ भरून आलं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. माठ ओला होता, पण वाराच नव्हता, तर पाणी उडणार कसं? कूलरच्या वाऱ्यात ठेवावा म्हटलं तर वीज गेलेली.

वैशालीनं पुरण वाटलं, आमरस झाला. कुरडया तळायला काढायच्या म्हणून तिनं फ्रीज उघडला. आत सगळं तसंच होतं, डबे, पापड, गोधडी. तिनं कुरडयांचा डबा काढला आणि गोधडीवरून हात फिरवून दार लावलं. मीही तोंड फिरवलं.

ऊन डोक्यावर आलं. पानं वाढायची वेळ झाली. नामदेवराव जेवायला उठेनात. वय झालेलं, सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही. गजानन म्हणाला, "बावा, अकोटातून बर्फाची लादी आनतो. माठात टाकू."

"नाई."

मी म्हटलं, "व्याहीबुवा, पाणी गार झाल्याशी कारण ना? शेजाऱ्यांकडे..."

"तुमाले समजून नाई राह्यलं, इहीनबाई." आवाज चढलेला नव्हता. "दवाखान्यात तिचं पानी बंद होतं. डाक्टर बरोबरच सांगत होते, पोटाचं ऑपरेशन होतं. पन ती मले म्हने, माह्या माठातलं एक घोट आना. रोज म्हने. म्या म्हनलं, घरी चाल, मंग पाजतो. पोटभर पाजतो. ती घरी आलीच नाई." ते माठाकडे बघत राहिले. "तिनं कधी बर्फाचं पानी पेलं नाई. शेजाऱ्याच्या माठाचं नाई पेलं. आता काहून पाजू?"

माझे डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत. म्हाताऱ्यानं बायकोला दिलेला शब्द होता तो, आणि मी त्यानं मान धुतली होती.

पण रडून पाणी गार होत नाही. काउंटरवर बसून एवढं तरी शिकले आहे. मी पदर खोचला. "गजानन, आईचं शिंकं कुठे आहे?"

माळ्यावर होतं. अंबाडीच्या दोरीचं, घट्ट विणीचं. घराचं पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर होतं. मधल्या आढ्याला शिंकं टांगलं, त्यात माठ बसवला, भोवती ओलं बारदान गुंडाळलं. खाली ओली वाळू आणून पसरली. आता हवा होता फक्त वारा.

तो आला, थोड्या वेळानं आला. ढग फाटले, ऊन रणरणलं आणि लू सुटली. वऱ्हाडात लू सुटली की माणसं दारं-खिडक्या लावून घेतात, फटींत चिंध्या कोंबतात. मी म्हटलं, "दोन्ही दारं सताड उघडा."

"आई, भाजून निघू आपण!"

"निघू. पण त्यांना गार पाणी मिळेल."

नामदेवराव स्वतः उठले आणि मागचं दार उघडून त्याला दगड लावला.

तो भट्टीतला वारा घरातून आरपार वाहायला लागला. डोळे जळत होते, ओठ फुटत होते. डोक्याला ओले पंचे बांधून आम्ही चौघं भिंतीला टेकून बसलो. बारदान वाळलं की कुणीतरी उठायचं आणि भिजवायचं. शेजारची एक बाई दारातून डोकावली. "काहून वं, दारं उघडे टाकून बसल्या? येड लागलं काय?" नामदेवराव म्हणाले, "सुभद्रेचं पानी थंडं करून राह्यलो." बाई गेली आणि आपल्या घरून ओलं पोतं घेऊन आली. मग तीही बसली.

पानं वाढलेली तशीच झाकून होती. कुणी भुकेचं नाव काढलं नाही.

आता पाणी गार झालं की नाही हे कळायचं कसं? चाखता येत नव्हतं, बोट बुडवता येत नव्हतं. माझ्या पिशवीत दुकानाचा थर्मामीटर होता, नेहमीच असतो. मी तो बाहेर काढलाही. मग नामदेवरावांकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला.

उन्हं जरा कलती झाली तेव्हा ते उठले. बारदान सोडलं. माठाला आधी तळहात लावला, मग उलटा हात. मग डोळे मिटून त्यांनी माठाच्या पोटाला गाल लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"झालं," ते म्हणाले. "थंडं झालं."

त्यांनी खिशातला कालचा दोरा काढून या माठाच्या गळ्याला बांधला आणि मोगऱ्याची माळ घातली. सुभद्राबाईंच्या रोजच्या पितळी फुलपात्रात पाणी घेतलं, पुरणपोळीचं पान पुढे मांडलं. मंत्र नाही, काही नाही. हात जोडून म्हणाले, "घे वं. पोटभर पे." वैशाली हुंदके देत होती, गजानन खांबाकडे तोंड करून उभा होता, आणि मी तर केव्हाची रडतच होते.

मग त्यांनी त्याच माठातून दुसरा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"मी नको," मी म्हटलं. "आधी तुम्ही घ्या."

"घ्या इहीनबाई. काल चोरून पेल्या, आज मानानं प्या."

रडता रडता मला हसू फुटलं. सगळेच हसले, शेजारीणबाईसुद्धा. पाणी थोडं मातीच्या वासाचं होतं. मी सगळा पेला प्याले.

दुसऱ्या दिवशी निघताना नामदेवरावांनी पहिला लाल माठ माझ्यासमोर आणून ठेवला. "हा तुमचा. उष्टा केला ना तुमी! आता घिऊन जा." नको म्हणायला तोंड होतं कुठे?

अकोल्याला गाडीला अवकाश होता. स्टेशनबाहेर एक बर्फवाला हातगाडीवर लादी फोडत होता. लादी भुशात पुरलेली, वरून पोतं. मी त्याच्याकडे पाटीभर भुसा मागितला.

"बर्फ नाई पायजे? नुसता भुसा?"

"माठ बांधायचा आहे. साताऱ्याला न्यायचा आहे."

"साताऱ्यात माठ भेटत नाई काय?"

"भेटतात. पण हा माझ्या इहीणबाईंचा आहे."

त्यानं पैसे घेतले नाहीत. उलट स्वतःच पोत्यात भुसा भरून माठ नीट बसवून दिला. रात्रभर तो माझ्या पायांशी होता आणि दर स्टेशनाला मी चाचपून बघत होते.

साताऱ्याला उतरले तर हे फलाटावर हजर. "काय आणलंस वऱ्हाडातून? माठ? अगं, आपल्या दुकानात फ्रीज काय कमी आहेत?"

"जागा करा," मी म्हटलं.

आता तो माठ दुकानात, काउंटरच्या शेजारी आहे. दारातून वारा येतो नेमका तिथे. खाली वाळूचा ओटा केला आहे आणि त्यात कोथिंबीर खोवली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, वहिनी, फ्रीजच्या दुकानात माठ? मी म्हणते, आधी पाणी प्या, मग तक्रार सांगा.

पहिल्या दिवशी माठ भरला, संध्याकाळपर्यंत मुरला. हे हात पुसत आतून आले आणि सरळ पेला बुडवायला निघाले. मी त्यांचा हात धरला.

"थांबा. आधी इहीणबाईंना."